नाव कोणाचे?

अमेरिकेतील टेलिफोनच्या बटणांवर आकड्यांबरोबर इंग्रजी अक्षरेही छापलेली असतात. दोनच्या बटणावर ए, बी, सी; तीनच्या बटणावर डी, ई, एफ; याप्रमाणे. त्यामुळे तेथील व्यापाऱ्यांना आपला नंबर शब्दांत सांगता येतो आणि गिऱ्हाइकाच्याही तो लक्षात राहतो. १९९२ साली बीएसडीआय नावाच्या एका लहान कंपनीने आपल्या जाहिरातींत असाच एक नंबर दिला होता : १-८००-इट्स-युनिक्स. म्हणजे, 'हे युनिक्स आहे'. प्रत्यक्षात बटणे दाबली जात ती ४८७-८६४९ अशी. कंपनी एक संगणक-प्रणाली विकत होती आणि किंमत होती ९९५ डॉलर.

या सात बटणांवरून जे प्रकरण सुरू झाले ते पुढे दोन वर्षे न्यायालयात चालले.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत रचायला घेतली. ही प्रयोगशाळा एटी अँड टी या बलाढ्य टेलिफोन कंपनीची. १९५६ साली अमेरिकन सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार या कंपनीला टेलिफोनचा धंदा सोडून इतर धंद्यांत शिरण्याची मनाई होती. त्यामुळे युनिक्स विकून पैसे मिळवण्याचा मार्गच बंद होता. विद्यापीठांनी मागितली की ती अगदी माफक शुल्कात मिळे, आणि तीही मूळ संहितेसह.

मूळ संहिता म्हणजे काय ते येथे सांगायला हवे, कारण पुढचे सर्व भांडण तिच्याभोवती आहे. आज्ञावली लिहिणारा माणूस ती माणसांना वाचता येईल अशा भाषेत लिहितो. संगणकाला ती भाषा कळत नाही, म्हणून तिचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. बाजारात आपल्याला मिळतात ते बहुधा हे आकडे. ते हाती असले म्हणजे आज्ञावली चालवता येते. पण वाचता येत नाही, समजून घेता येत नाही, त्यातली चूक दुरुस्त करता येत नाही. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना दिलेली असते आणि तीत बदल करून पुढे वाटण्याचीही मुभा असते, तिला १९९८ पासून 'ओपन सोर्स' म्हणजे खुली आज्ञावली म्हणतात. संहिता झाकून ठेवली तर ती बंदिस्त.

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील मंडळींनी युनिक्समध्ये इतकी भर घातली की त्यांची 'बीएसडी' ही वेगळी आवृत्तीच तयार झाली. १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाले, धंद्यावरची बंधने उठली आणि युनिक्सच्या परवान्याची किंमत भराभर वाढू लागली. तेव्हा बर्कलेच्या लोकांनी एकेक भाग नव्याने लिहून काढायला घेतला. १९९१ सालापर्यंत हजारो फाइलींपैकी एटी अँड टीच्या अशा सहाच उरल्या. त्या सहा फाइली विद्यापीठाबाहेर कोणीतरी नव्याने लिहिल्या आणि प्रणाली पूर्ण झाली. बीएसडीआयने विकायला काढली ती हीच.

एटी अँड टीची उपकंपनी 'युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज' हिचे पहिले पत्र आले ते संहितेबद्दल नव्हते, नावाबद्दल होते. तुमचा माल युनिक्स म्हणून विकू नका आणि तो टेलिफोन नंबर बंद करा, एवढेच तिचे म्हणणे. बीएसडीआयने ते मुकाट्याने ऐकले. नंबर गेला, जाहिराती बदलल्या. तरीही खटला भरला गेलाच, आणि आता तो संहितेच्या चोरीचा होता. मग विद्यापीठानेही उलट दावा लावला. त्यांची तक्रार अशी की, आमची संहिता तुम्ही तुमच्या युनिक्समध्ये वापरलीत, पण करारानुसार आमचे नाव द्यायचे ते दिले नाही! १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींपैकी फक्त तीन काढून टाकायच्या, काहींत किरकोळ बदल करायचे, आणि सुमारे सत्तर फाइलींवर मालकी हक्काची नोंद घालायची. दोन वर्षांच्या वकिलीचे हे फलित.

या प्रकरणात दोन निरनिराळे हक्क एकमेकांत मिसळलेले दिसतात. वर्तमानपत्रांत त्यांची नेहमी गल्लत होते, म्हणून ते वेगळे करून पाहू.

पहिला लेखनाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट. संहिता लिहिली की तो लेखकाला आपोआप मिळतो, आणि दुसऱ्यांनी तिचे काय करायचे ते तो परवान्यात सांगतो. एकदा मोकळा परवाना देऊन संहिता वाटली की वाटलेली ती आवृत्ती परत मागण्याची सोय सहसा नसते. पुढची आवृत्ती तो बंदिस्त करू शकतो, मागची नाही. दुसरा हक्क व्यापारचिन्हाचा, म्हणजे नावाचा. त्याचे मूळ निराळेच आहे. गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये, हा माल कोणाकडून आला हे त्याला नावावरून ओळखता यावे, यासाठी तो आहे. संहितेचा परवाना कितीही उदार असला तरी त्यासोबत नाव दिले गेले असे होत नाही. आणि नावाचा हक्क राखावा लागतो. आपण बाजारात जाऊन 'झेरॉक्स काढून द्या' म्हणतो, तेव्हा ते यंत्र कोणत्या कंपनीचे आहे याचा विचार करत नाही. आपल्या आया कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत. नाव असे सर्वांच्या तोंडी बसून वस्तूचेच नाव झाले की मालकाच्या हातून ते निसटू शकते. 'ॲस्पिरिन' हे नाव बायर कंपनीने अमेरिकेत १९२१ साली न्यायालयात नेमके असेच गमावले.

म्हणजे खुल्या आज्ञावलीच्या मालकापुढे मोठाच पेच असतो. आज्ञावली पसरावी म्हणून तो ती फुकट वाटतो. ती जितकी पसरते तितके नाव लोकांचे होते. आणि पुढे कंपनी काढून ती विकावी असे मनात आले की त्याला हवे असते ते नावच, कारण संहिता तर आधीच वाटून झालेली असते. हा पेच सर्वांत स्वच्छपणे दिसतो तो 'एसएसएच' या तीन अक्षरांच्या भांडणात.

परवलीचे शब्द चोरणारे यंत्र

१९९५ सालच्या वसंतात फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या संगणक-जाळ्यात कोणी भामट्याने बसवलेली एक आज्ञावली सापडली. जाळ्यातून जाणारे लोकांचे परवलीचे शब्द ती गुपचूप टिपून ठेवत होती. सापडली तोपर्यंत तिच्यापाशी हजारो नावे आणि परवलीचे शब्द जमले होते.

हे इतके सोपे का होते? त्या काळी दूरच्या संगणकावर काम करायचे तर 'टेलनेट' नावाची आज्ञावली वापरत. तीत आपण टंकलेले प्रत्येक अक्षर, परवलीच्या शब्दासकट, जसेच्या तसे तारेतून जाई. आणि तेव्हाच्या इथरनेट जाळ्यात एकाच तारेला पुष्कळ संगणक जोडलेले असत. एकाने दुसऱ्याला पाठवलेला निरोप सर्वांच्याच दारावरून जाई. ज्याच्यासाठी तो नाही त्या संगणकाने तो सोडून द्यावा असा शिष्टाचार होता, इतकेच. वर्गात बाईंनी एका मुलाचे नाव घेऊन प्रश्न विचारला तरी ऐकू सर्वांना येते, तसे. शिष्टाचार न पाळणारा एक संगणक पुरे.

बर्कलेच्या युनिक्समध्ये 'आरएसएच', 'आरलॉगिन' अशा आणखी काही सोयी होत्या. त्यांत परवलीचा शब्दही न मागता प्रवेश मिळवण्याची व्यवस्था असे. निरोप कोणत्या संगणकाकडून आला एवढे पाहायचे, ते नाव ओळखीच्या यादीत असले की दार उघडायचे. खोटे नाव-पत्ते सांगून येणाऱ्यापुढे ही व्यवस्था निरुपाय होती.

त्याच विद्यापीठातील तातू इलोनेन या तरुण संशोधकाने काही महिन्यांत यावर उतारा तयार केला. त्याच्या आज्ञावलीत दूरचा संगणक आपल्या दोन सार्वजनिक किल्ल्या पाठवतो : एक कायमची, दुसरी दर तासाला बदलणारी. आपला संगणक २५६ बिटांची एक यादृच्छिक संख्या निवडतो, ती या दोन्ही किल्ल्यांनी कुलूपबंद करून पाठवतो, आणि त्यानंतरचे सर्व संभाषण त्या संख्येच्या आधारे गूढलिपीत चालते. तारेवर कान लावून बसलेल्याच्या हाती फक्त अर्थहीन आकडे लागतात. शिवाय दूरच्या संगणकाची कायमची किल्ली आपला संगणक लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी कोणी नुसते ते नाव सांगून दुसऱ्याच किल्लीनिशी आला तर लगेच धोक्याची सूचना मिळते.

नाव ठेवताना त्याने फार विचार केलेला दिसत नाही. 'आरएसएच'ची सुरक्षित बहीण ती 'एसएसएच'. लांब नाव 'सिक्युअर शेल'. १९९५ च्या जुलैत ती सर्वांसाठी खुली केली. त्याच्या एकदोन दिवस आधी इंटरनेटवरील क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला त्याने एक साधे पत्र पाठवून दारक्रमांक २२ मागितला. संगणकावरील प्रत्येक सेवेला असा एक क्रमांक असतो. २१ वर फाइली पाठवणारी जुनी सेवा होती, २३ वर टेलनेट. या दोघींची जागा घ्यायची होती आणि मधला २२ रिकामा होता! दुसऱ्या दिवशी उत्तर आले आणि क्रमांक मिळाला. इंटरनेटचा कारभार तेव्हा असा चाले.

इलोनेनने आज्ञावलीसोबत जो परवाना दिला त्याचा आशय असा : माझ्यापुरते बोलायचे तर मी लिहिलेली संहिता कोणीही, कोणत्याही कामासाठी मोकळेपणाने वापरावी. बदल केलेल्या आवृत्तीवर मात्र तसे स्पष्ट लिहावे. आणि ती आवृत्ती जर प्रसिद्ध केलेल्या संदेशपद्धतीच्या वर्णनाशी जुळत नसेल तर तिला 'एसएसएच' किंवा 'सिक्युअर शेल' याखेरीज दुसरे नाव द्यावे. हे वाक्य लक्षात ठेवावे.

वर्षअखेरपर्यंत ५० देशांत मिळून सुमारे २०,००० लोक एसएसएच वापरत होते असा अंदाज होता. इलोनेनला मदत मागणारी रोज दीडशेएक पत्रे येऊ लागली. एकट्या माणसाने ही पत्रे वाचायची की आज्ञावली सुधारायची? डिसेंबर १९९५ मध्ये त्याने 'एसएसएच कम्युनिकेशन्स सिक्युरिटी' ही कंपनी स्थापन केली. त्यात वावगे काही नव्हते. पण परवान्याच्या अटी आवृत्तीगणिक कडक होत गेल्या. १.२.१२ ही आवृत्ती मोकळ्या परवान्याची शेवटची. पुढे संदेशपद्धतीची दुसरी, अधिक भक्कम आवृत्ती आली. ती पहिलीशी जुळणारी नव्हती, आणि तिच्यावर आधारलेली कंपनीची आज्ञावली धंद्यासाठी वापरायची तर पैसे मोजावे लागत. पुष्कळ लोक जुनीच वापरत राहिले.

१९९९ साली ब्यर्न ग्रोनवाल या स्वीडिश संगणकतज्ज्ञाने १.२.१२ ही जुनी संहिता पुन्हा बाहेर काढली, तिच्यातील दोष दुरुस्त करायला घेतले आणि तिला 'ओएसएसएच' म्हटले. ते पाहून कॅनडातील थिओ डी राट आणि त्यांच्या 'ओपनबीएसडी' प्रकल्पातील सहकाऱ्यांनी ही संहिता उचलली. पेटंट असलेली गणिती पद्धत त्यांनी काढून टाकली, मोकळ्या परवान्याच्या नसलेल्या भागांच्या जागी दुसरे भाग बसवले, आणि १ डिसेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झालेल्या ओपनबीएसडीच्या २.६ या आवृत्तीत ती घातली. नाव दिले 'ओपनएसएसएच'. अमेरिकेतून गूढलिपीच्या आज्ञावल्या बाहेर पाठवण्यावर तेव्हा कडक निर्बंध होते. हे काम अमेरिकेबाहेर झाले याचा तिच्या प्रसाराला फायदाच झाला. पुढच्याच वर्षी मार्कुस फ्रीडल यांनी तीत दुसरी संदेशपद्धतीही आणली. डेमियन मिलर आदींनी ती इतर प्रणालींवर चालेल अशी केली. वर्षा-दीड वर्षात लिनक्सच्या वाटपांतून ती जगभर पोचली.

व्हॅलेंटाइन दिवसाचे पत्र

१४ फेब्रुवारी २००१ रोजी इलोनेनने ओपनएसएसएचच्या विकासकांना एक खुले पत्र लिहिले. 'एसएसएच' हे आपले व्यापारचिन्ह आहे. ओपनएसएसएच या नावामुळे लोकांचा गोंधळ होतो, त्यांच्या आज्ञावलीबद्दलच्या शंका घेऊन लोक आमच्या कंपनीकडे येतात. शिवाय ज्या पहिल्या संदेशपद्धतीत दोष सापडले आहेत ती त्यांनी चालू ठेवली आहे, त्याचा डाग आमच्या नावाला लागतो. तेव्हा नाव बदला, अशी विनंती.

पत्राचा सूर सभ्य होता, आणि माझ्या मते त्यातली तक्रार खोटी नव्हती. सुरक्षेच्या वस्तूला नावाचे महत्त्व अधिक असते. कुलपाच्या कंपनीचे नाव पाहून आपण कुलूप घेतो, कारण आतली रचना आपल्याला तपासता येत नाही. एकाच नावाची दोन कुलुपे असली आणि त्यांपैकी एकात दोष निघाला, तर बोभाटा दोघांचाही होतो. फुकट दिलेल्या आपल्याच कामाने आपले दुकान बसवावे आणि वर नावही आपलेच वापरावे, याचे त्या माणसाला वाईट वाटले असेल तर नवल नाही.

ओपनएसएसएचच्या लोकांनी नकार दिला. त्यांचे मुद्दे तीन. पहिला, हे नाव आता सर्वांचे झाले आहे. अनेकांनी बनवलेल्या आज्ञावल्यांच्या नावांत ही तीन अक्षरे वर्षानुवर्षे आहेत आणि कंपनीने इतके दिवस हरकत घेतलेली नाही. दुसरा, 'एसएसएच' हे संदेशपद्धतीचे नाव आहे; इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या मंडळापुढे कंपनीनेच ते मांडले. तिसरा मुद्दा मूळ परवान्याचा. वर्णनाशी जुळत नसेल तर दुसरे नाव द्या, असे तुम्हीच लिहिले. आमची आज्ञावली तर जुळते.

गणिताच्या शिक्षकांना येथे थांबावेसे वाटेल. 'जुळत नसेल तर दुसरे नाव' या विधानावरून 'जुळत असेल तर हेच नाव चालेल' असे तर्कशास्त्राने निघते का? निघत नाही. प्रमेय खरे म्हणून त्याचा व्यत्यास खरा असतोच असे नाही, हे आपण नववीपासून शिकवतो. पण परवाना म्हणजे प्रमेय नव्हे. 'पास नसेल तर आत सोडणार नाही' अशी पाटी दारावर असली आणि पास दाखवूनही पहारेकऱ्याने अडवले, तर आपण त्याच्याशी भांडूच. व्यवहारातले वाक्य लिहिणाऱ्याच्या उद्देशावरून वाचतात. १९९५ च्या इलोनेनचा उद्देश काय होता? सर्वांनी एकाच पद्धतीने बोलावे, आणि जो तसे बोलतो त्याने हे नाव लावावे, असाच दिसतो. तेव्हा तो कंपनीचा प्रमुख नव्हता. वरच्या वर्गांतील मुलांपुढे हे वाक्य ठेवून दोन बाजूंनी वाद घालायला लावता येईल. परवान्याचा तो मूळ मजकूर ओपनएसएसएचच्या फाइलींत आजही अगदी सुरुवातीला आहे.

खरी अडचण अशी की त्या तीन अक्षरांवर चार कामे लादली गेली होती. ती कंपनीचे नाव होती. तिच्या मालाचे नाव होती. दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे त्या पद्धतीचे नाव होती. आणि चौथे म्हणजे कळफलकावर टंकायची आज्ञा होती. पहिली दोन कामे व्यापारचिन्हाची आहेत. तिसरे भाषेच्या नावासारखे आहे. 'मराठी' या नावावर कोणा एका प्रकाशकाचा हक्क असू शकत नाही. चौथे तर त्याहून घट्ट. जगभरच्या संगणकचालकांनी रात्री आपोआप चालणाऱ्या कामांच्या हजारो याद्यांत 'एसएसएच' ही आज्ञा लिहून ठेवली होती. ती बदलली की त्या सर्व याद्या बंद पडणार. आज्ञेचे नाव, पद्धतीचे नाव आणि मालाचे नाव सुरुवातीलाच वेगळी ठेवली असती तर हा तंटा उद्भवलाच नसता, असे मला वाटते. पण १९९५ च्या उन्हाळ्यात, चोरी थांबवण्याच्या घाईत, हे कोणाला सुचणार?

इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या मंडळाच्या कार्यगटापुढेही विनंती गेली, की निदान संदेशपद्धतीचे नाव तरी बदला. मार्च २००१ मध्ये मिनियापोलिस येथील बैठकीत ती नाकारली गेली. प्रकरण न्यायालयात गेले नाही. जानेवारी २००६ मध्ये मानक प्रसिद्ध झाले ते 'सिक्युअर शेल (एसएसएच)' याच नावाने. आणि त्याच कागदांत एक ओळ आहे, की लहान अक्षरांतील 'एसएसएच' हे अमेरिकेत आणि/किंवा इतर देशांत नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. दोघांचेही म्हणणे एकाच कागदावर!

कंपनी आजही आहे. पुढे काही वर्षांत तिने आपल्या आज्ञावलीचे नाव 'एसएसएच टेक्टिया' असे केले, म्हणजे ओळख पटवण्यासाठी मूळ नावाला शेपूट जोडण्याची पाळी शेवटी तिच्यावरच आली. ओपनएसएसएच २०१८ पासून विंडोज १० या बंदिस्त प्रणालीबरोबरही येऊ लागली.

नाव गेले ते

प्रत्येक वेळी निकाल असाच लागतो असे मात्र नाही. किंबहुना एसएसएच हा अपवाद आहे.

संगणक-जाळ्यातील सुरक्षेच्या फटी शोधणारी 'नेसस' ही आज्ञावली रनो देरेझाँ या फ्रेंच तरुणाने १९९८ साली खुल्या परवान्यावर सुरू केली. २००२ मध्ये त्याने इतरांबरोबर टेनेबल ही कंपनी काढली. ऑक्टोबर २००५ मध्ये जाहीर झाले, की तिसऱ्या आवृत्तीपासून नेससची मूळ संहिता मिळणार नाही. कारण स्पष्ट सांगितले गेले : प्रतिस्पर्धी कंपन्या आमची संहिता घेऊन आमच्याशीच स्पर्धा करतात आणि बाहेरून सुधारणांची भर मात्र फारशी पडत नाही. (खुल्या आज्ञावल्यांच्या समर्थकांनी हा दुसरा मुद्दा मनावर घ्यायला हवा.) काही लोकांनी दुसऱ्या आवृत्तीची खुली संहिता पुढे चालवायला घेतली. पहिले नाव ठेवले 'जीनेसस'. मूळ नाव पोटात असलेले. लवकरच ते सोडून 'ओपनव्हॅस' असे सर्वस्वी निराळे नाव घेतले गेले. येथे 'नेसस' हे ना कोणत्या भाषेचे नाव होते ना मानकाचे. ते एका आज्ञावलीचेच नाव होते, आणि ती आज्ञावली त्यांच्या हातून गेली होती.

नाव भलत्याच माणसाने बळकावल्याचीही कथा आहे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सचे नाव प्रकल्पाशी संबंध नसलेल्या बॉस्टनच्या एका गृहस्थाने अमेरिकेत आपल्या नावावर नोंदवून घेतले आणि १९९६ च्या सुमारास तो कंपन्यांकडे पैसे मागू लागला. १९९७ साली तडजोडीने ते टोरवाल्ड्सकडे आले. तोपर्यंत त्याने ते नोंदवण्याचा विचारही केला नव्हता. त्यानंतर मात्र बहुतेक मोठ्या खुल्या प्रकल्पांनी नाव नोंदवून एखाद्या न्यासाच्या हवाली करण्याची दक्षता घेतलेली दिसते.

ज्यांनी घेतली नाही त्यांना २०१० नंतर फटके बसले. ऑरेकल कंपनीने २०१० साली सन कंपनी विकत घेतली, तीबरोबर 'ओपनऑफिस' या खुल्या कार्यालयीन आज्ञावलीचे नावही तिच्याकडे गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला तेथील बऱ्याच विकासकांनी स्वतंत्र चूल मांडली. ऑरेकलने नाव दान करावे अशी त्यांची विनंती होती. ती मान्य झाली नाही. तात्पुरते म्हणून घेतलेले 'लिबरऑफिस' हे नाव कायमचे झाले, आणि आज अनेक सरकारी कार्यालयांत व शाळांत दिसते ते हेच. जुने नाव ऑरेकलने २०११ मध्ये अपाची प्रतिष्ठानला दिले खरे, पण तोवर लिहिणारी बहुतेक माणसे तिकडे गेली होती.

अलीकडच्या काळात तर भांडणाची पद्धतच बदलली आहे. २०१९ साली इलॅस्टिक कंपनीने ॲमेझॉनवर खटला भरला तो नावावरून. आपले 'इलॅस्टिकसर्च' हे नाव ॲमेझॉनच्या सेवेत वापरले जाते, ही तक्रार. २०२१ मध्ये इलॅस्टिकने परवाना कडक केला, ॲमेझॉनने जुन्या संहितेवरून 'ओपनसर्च' काढले आणि २०२२ मध्ये नावाचा खटला मिटला. २०२४ मध्ये 'रेडिस'चा परवाना बदलला तेव्हा तिची खुली संहिता पुढे चालवणाऱ्यांनी पहिल्याच दिवसांत 'व्हॅल्की' हे नवे नाव घेतले. आता संहिता उचलणारे लोक वकिलाला विचारूनच नाव ठेवतात.

त्यातले एक उदाहरण एसएसएचशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने आपल्या 'टेराफॉर्म' या आज्ञावलीचा खुला परवाना काढून घेतला. मोठ्या संगणक-केंद्रांची मांडणी लिहून ठेवण्यासाठी ती वापरतात. जुन्या खुल्या आवृत्तीवरून जे नवे रोप निघाले त्याचे नाव आधी 'ओपनटीएफ' असे होते. टीएफ म्हणजे टेराफॉर्मचेच लघुरूप. हे व्यापारचिन्हाच्या फारच जवळ जाते असे दिसताच महिन्याभरात, सप्टेंबर २०२३ मध्ये, ते 'ओपनटोफू' झाले. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. अक्षरे टी आणि एफ तेवढी राखली. एसएसएचच्या वेळी आज्ञेला हात लावण्याची कोणाची तयारी नव्हती. येथे ती आज्ञाही बदलली, कळफलकावर 'टेराफॉर्म'ऐवजी 'टोफू' असे टंकावे लागते. लोकांनी आधीच लिहून ठेवलेल्या लक्षावधी ओळी बदलायला नकोत म्हणून फाइलींच्या नावामागची 'टीएफ' ही शेपटी मात्र त्यांनी चालू ठेवली आहे.